सकाळपासून कितीदा?

लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरीला भेटायला आलेली माणसं अभिनंदन म्हणतात, पाकीट देतात आणि फोटोला उभी राहतात. आमच्या सरांनी माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याचा हात हातात घेतला, त्याच्या डोळ्यांत खोल बघितलं आणि विचारलं, "सकाळपासून कितीदा?" नवरा पुण्याचा, बँकेतला, सरळ माणूस. त्याला वाटलं, मराठवाड्यात जावयाला असंच काहीतरी विचारत असतील. त्यानं विचार करून प्रामाणिकपणे सांगितलं, "दोनदा." सर खूश झाले. आईकडं वळून म्हणाले, "जावई चांगला निवडलात. धीराचा आहे." पुढं कैक वर्षं सरांचं नाव निघालं की आई पदर तोंडाला लावायची. हसण्यासाठी की लाजण्यासाठी, ते तिलाच ठाऊक.

सर लघवीचे डॉक्टर होते. पाटीवर 'मूत्ररोगतज्ज्ञ' असं लिहिलेलं होतं, पण तो शब्द पाटीवरच राहिला. स्टेशनवर रिक्षात बसून "लघवीवाले डॉक्टर" म्हटलं की रिक्षावाला थेट आमच्या दवाखान्याच्या दारात आणून सोडायचा आणि पैसे घेताना खालच्या आवाजात म्हणायचा, "मेरे को भी एक बार दिखाना था." शहर तेव्हा औरंगाबाद होतं. मी नुकतीच डॉक्टर होऊन सरांच्या हाताखाली लागले होते. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "मुलगी कशाची डॉक्टर?" आई म्हणायची, "पोटाची. जरा खालच्या."

तर "सकाळपासून कितीदा?" हा सरांचा नमस्कार होता. पेशंटला तोच, कलेक्टरला तोच, दवाखान्याचे विश्वस्त भेटायला आले की त्यांनाही तोच. सरांचं म्हणणं असं की माणूस उत्पन्न, वय आणि जात यांबद्दल धडधडीत खोटं बोलतो, पण या प्रश्नानं गांगरून खरं बोलून जातो. आणि मग पुढची तपासणी सोपी जाते. ते खरं होतं. सरांपुढं भलेभले लोक शाळकरी पोरासारखे बोटं मोजताना मी पाहिलेत.

पत्ता सांगायचीही त्यांची तऱ्हा होती. बाहेरगावचे लोक हे शहर दरवाज्यांवरून ओळखतात. सर मुताऱ्यांवरून ओळखायचे. "पैठण गेटावरून आत ये. नळ असलेली मुतारी लागेल, ती सोड. पुढं नळ नसलेली लागेल, तिच्यासमोर माझा इस्त्रीवाला." पेशंटसाठी हा सगळा नकाशा त्यांनी पायी फिरून तोंडपाठ केला होता. त्यात बायकांसाठी जवळजवळ काही नव्हतं, आणि ते सांगताना मात्र त्यांचा सूर बदलायचा. "बाजाराला आलेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही. का? तर जायचं कुठं! आणि वर आपण तिलाच विचारायचं, बाई तुम्हाला त्रास कशानं झाला!" असं म्हणून ते टेबलावर एवढ्या जोरात हात आपटायचे की त्यावरचे लघवीचे नमुने हिंदकळायचे. आम्ही सगळे टुणकन मागं सरायचो.

पण गंमत ही की सरांना स्वतःला कुणी कधी जाताना पाहिलं नव्हतं. सकाळी आठला आलेला माणूस संध्याकाळी सातला घरी जायचा. मधे सहा-सात कप चहा. आणि जागचा हलायचा नाही. आम्ही पैजा लावल्या, पाळत ठेवली. वॉर्डबॉयचं मत होतं, सर ते दुसऱ्याकडून करवून घेत असतील. एकदा मी धीर करून त्यांनाच विचारलं, "सर, तुमचं सकाळपासून कितीदा?" त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मूत्राशयाच्या आतला दाब मोजायचं यंत्र त्या काळी मोठ्या शहरांत असायचं. आमच्याकडं सरांनी भिंतीवर शिंप्याची टेप चिकटवली होती आणि तिच्याशेजारी काचेची नळी उभी केली होती. सलाईन हळूहळू आत सोडायचं आणि काचेतलं पाणी टेपवर किती चढतं ते वाचायचं. शहाणं मूत्राशय अळीमिळी गुपचिळी करून भरत राहतं, पाणी जागचं हलत नाही. बिघडलेलं मूत्राशय थोडं भरलं की एकदम आवळतं आणि पाणी टेपवर सरसर वर चढतं. तसं झालं की सर ओरडायचे, "आला! आला! बंडखोर सापडला!" बाकावरचा पेशंट बिचारा, कसलं बंड आपल्या हातून झालं, म्हणून घाबराघुबरा.

हे बंड समजावून सांगायला सरांकडं एकच गोष्ट होती, आणि ती त्यांच्या वडिलांची होती. वडील निजामाच्या राज्यात वैजापूरच्या तहसिलीत कारकून. सर म्हणायचे, "वर हैदराबाद, मधे औरंगाबादचा सुभा, खाली वैजापूरची तहसील. खालून अर्ज वर जाणार, वरून हुकूम खाली येणार. हुकूम नाही तर शिक्का नाही. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. नवा साहेब कोण, कुणाला ठाऊक नाही. वरून काहीच येईना. वडील सांगायचे, पहिले काही दिवस आम्ही तोंडं बघत बसलो. मग एक जण म्हणाला, किती दिवस बसायचं? मारा शिक्का! आणि जो अर्ज येईल त्यावर धडाधड शिक्के. हैदराबादला पत्ताच नाही." मग थांबून पेशंटच्या पाठीवर बोट टेकवायचे. "तुमचा मेंदू म्हणजे हैदराबाद. या मणक्यातून तार खाली येते. तार तुटली की ही कमरेतली तहसील स्वतःच शिक्के मारायला लागते. भरलं म्हणून अर्ज आला की लगेच, मंजूर!"

एकदा मात्र हा धडा त्यांनी नुसता सांगितला नाही, करून दाखवला. निमित्त होतं तात्यांचं.

तात्या वैजापूरच्या मोंढ्यात कांद्याचा लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या, मागं व्यापाऱ्यांचा घोळका, आणि पुढं तात्या. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी, आणि आवाज असा की या टोकाला भाव फुटला तर त्या टोकाचा चहावाला तो दुसऱ्याला सांगायचा. एके दिवशी पोत्यांची थप्पी त्यांच्या पाठीवर कोसळली. मणक्याला मार बसला. चार-सहा महिन्यांत काठी टेकत चालायला लागले, पण लघवीवरचा ताबा गेला तो गेलाच. केव्हा होईल याचा नेम नाही. लिलाव सुरू झाला की तास-दीड तास पुकारणाऱ्यानं हलायचं नसतं. मधेच गेला तर भाव मोडतो आणि शेतकरी शिव्या घालतो. तात्या घरी बसले. त्यांच्या जागी त्यांचा मेहुणा पुकारायला लागला आणि बाजार समितीनं सांगितलं, उन्हाळ कांदा येईपर्यंत तुमची वाट बघू, मग मात्र मेहुणा कायम.

पहिल्यांदा आले तेव्हा तात्यांनी गडद निळी पँट घातली होती. खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले. बायको म्हणाली, "बसत नाहीत कुठंच. गादी खराब व्हईल म्हणत्यात. आन् धोतर तर सोडूनच दिलंय, डाग दिसंल म्हणून."

सरांनी विचारलं, "सकाळपासून कितीदा?"

"मोजायचं म्या सोडून दिलं, साहेब," तात्या म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्याचं मोजलं. आवाज हाय माझा अजून. पर खालचं कुणी ऐकंना झालंय. बोली लागायच्या आधीच माल जातोय."

सर हसतील असं मला वाटलं होतं. ते उठले, स्वतःची गादीची खुर्ची ओढून आणली आणि तात्यांना खांदे धरून तिच्यात बसवलं. "खराब होऊ द्या," म्हणाले. मला त्या क्षणी सर फार आवडले.

मग जिन्यावर धडा झाला. वरच्या पायरीवर सिस्टर, म्हणजे हैदराबाद. मधल्या वळणावर मी, औरंगाबादचा सुभा. सर्वांत खाली तात्यांची बायको, आमच्या काकू, म्हणजे वैजापूरची तहसील. तिच्याशेजारी पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन त्यांच्यासोबत आलेला मेहुणा, हे मूत्राशय. वरपासून खालपर्यंत बँडेजची लांब पट्टी, प्रत्येकाच्या हातात. नियम असा की खालून एक झटका आला म्हणजे भरलं, आणि वरून दोन झटके आले तरच ओतायचं. एकदा झालं, दोनदा झालं, सगळं सुरळीत. मग सरांनी कात्री घेतली आणि माझ्या हाताखालची पट्टी कचकन कापली. काकूंनी झटका दिला. पुन्हा दिला. वर बघितलं. मी गप्प, सिस्टर गप्प. शेवटी काकू करवादल्या, "मी तरी कुठवर थांबू? ओत रे तू!" मेहुण्यानं ओतलं. नेमके त्याच वेळी आमचे विश्वस्त दारातून आत येत होते. त्यांच्या चपला, मोजे, सगळं चिंब. सर टाळ्या वाजवत होते. "बघा! तहसिलीनं स्वतःच मंजूर केलं!" तात्या काठीवर रेलून पोट धरून हसत होते. काकू मला नंतर म्हणाल्या, थप्पी पडल्यापासून ते पहिल्यांदा हसले.

विश्वस्तांचे मोजे वाळत होते तोवर सरांनी उरलेलं सांगितलं. मणक्यातली तार शाबूत असते तेव्हा मूत्राशयातल्या काही बारीक नसा मुक्या असतात. हलके नोकर जसे साहेबासमोर ब्र काढत नाहीत, तसे. तान्ह्या बाळात खालचा कारभार खालीच चालतो, मोठेपणी मेंदू तो हातात घेतो. तार तुटली की मुक्या नसांना तोंड फुटतं. वाटीभर जमलं की त्या तहसिलीत जाऊन ओरडतात, भरलं, भरलं! "आपल्याला हे ओरडणारे गप्प करायचेत. कसे ते माझ्या डोक्यात शिजतंय," सर म्हणाले.

काही दिवसांनी ते शिजलं. एका सकाळी सर परदेशी मासिक हवेत नाचवत आले. मिरचीतला जो तिखट अर्क असतो, तो नळीनं थेट मूत्राशयात सोडला तर याच मुक्या नसा आधी कमालीच्या पेटतात आणि मग थकून कित्येक महिने गप्प पडतात, असं बाहेरच्या डॉक्टरांनी करून बघितलं होतं. सरांचा आनंद बघण्यासारखा होता. "मिरची! अहो, आपली मिरची! इथं इतकी वर्षं आपण ती भाकरीवर वाया घालवली!" त्यांनी तात्यांना बोलावून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, "तुमचं औषध सापडलं. मिरची! तिच्या तिखटानं खालच्या नसा गप्प होतील. अर्क मागवतो, दवाखान्याच्या समितीची परवानगी काढतो. महिन्याभरात बोलावतो."

महिन्यानंतर तात्या आले ते ओळखू येईनात. डोळे लाल, नाक लाल, ओठ सुजलेले. चालणं असं की काठी एकीकडं आणि ते एकीकडं. आणि पँट तर बघवत नव्हती.

"काय झालं?" सर घाबरले.

"औषध चालू हाय ना," काकू म्हणाल्या. "तुम्ही सांगितल्यापासनं तीन टाइम ठेचा. लवंगी मिरचीचा. दाणे नाय, तेल नाय, नुसता. बाजरीच्या भाकरीसंगं. देवगाव रंगारीवरनं मावशीकडून खास मिरची आणली. पर साहेब, गुण येईना. उलट लई वाढलंय."



"ती नळीनं आत सोडायची होती," सर हळूच म्हणाले.

"आत म्हंजे पोटातच की," काकू म्हणाल्या. "तोंडानं घातलेलं जाणार कुठं? खालीच."

यात चूक काढायला जागा नव्हती. सर मटकन फरशीवर बसले आणि हसायला लागले. मी हसले, सिस्टर हसली, दाराबाहेर रांगेतले लोक काही कळलं नसताना हसले. हसून हसून डोळे पुसले आणि सर एकदम गप्प झाले. कारण तात्या हसत नव्हते. तात्यांच्या डोळ्यांतलं पाणी मिरचीचं नव्हतं.

"कांदा निघायला आला, साहेब," ते म्हणाले. "मेहुण्याला नवा सदरा शिवलाय. माझी चेष्टा करू नका."

सर उठले. "चूक माझी. या मुलखात मिरची म्हटलं तर माणूस ठेचाच करणार. काकू, डबा आणलाय का?" काकूंनी पिशवीतून डबा काढला. सरांनी तात्यांसमोर बसून भाकरीचा तुकडा मोडला आणि बचकभर ठेचा तोंडात घातला. सर तिखट खात नसत. त्यांच्या घरी वरणात साखर पडायची. त्यांचं तोंड टोमॅटोसारखं झालं, कानशिलं घामेजली. तरी बोलत होते, "आता... माझी जीभ... बोंबलतेय. ऐकू येतंय?" दुसरा घास. तिसरा. सिस्टर पाणी घेऊन धावली, तिला त्यांनी हातानं मागं सारलं. पाचव्या-सहाव्या घासानंतर त्यांनी जीभ बाहेर काढून बोटानं चाचपली. "आता बघा. खातोय, पण तेवढं लागत नाही. बोंबलून बोंबलून दमली. बधिर! तात्या, खालच्या मंडळींचं असंच करायचंय. पण तिथं वाट तोंडातून नाही. तोंडातून गेलेली मिरची नुसता दंगा करते. भूल देऊ, नळीनं औषध सोडू, अर्धा तास ठेवून काढून घेऊ. पहिले काही दिवस ते जास्त ओरडतील. त्यानंतर गप्प होतील असं मला वाटतं. खात्री देत नाही."

तात्यांनी डब्याला झाकण लावलं. "म्हंजे एकदाच पोटभर बोंबलू द्यायचं."

"व्हय," सर म्हणाले. ठेच्यानं त्यांची भाषाही वैजापूरची झाली होती.

परवानगी आली, औषध सोडलं. आणि पहिले दिवस सर म्हणाले तसेच गेले, वाईट. एसटीडी बूथवरून रोज फोन यायचा, "साहेब, लई बोंबलायलीत." सर म्हणायचे, "बोंबलू द्या." पण फोन ठेवला की नखं खात बसायचे. रस्ता सांगताना मुताऱ्या चुकायला लागले. एका पेशंटला तर सकाळपासून कितीदा हे विचारायलाच विसरले. तो पेशंट काळजीत पडला, की आपलं दुखणं विचारण्यापलीकडं गेलं बहुतेक.

मग एका सकाळी फोन मी घेतला. पलीकडून काकू होत्या. त्यांना बोलताच येईना. शेवटी म्हणाल्या, "अंथरूण कोरडं हाय." मी ओरडले, सर वॉर्डभर ओरडत फिरले, आणि दुपारी गुलमंडीवरून गोड इमरती आली. ती भिजलेल्या विश्वस्तांनाही मिळाली. पुढच्या महिन्यातल्या तपासण्यांत टेपवर काचेतलं पाणी जागचं हललं नाही. नळीनं मूत्राशय रिकामं करायला तात्या आधीच शिकले होते. ते करून निघायचं आणि पुढचे काही तास निर्धास्त राहायचं, असं ठरलं.

पण घर वेगळं आणि मोंढा वेगळा. उन्हाळ कांद्याच्या लिलावाला तात्या उभे राहणार, त्या दिवशी सर दवाखाना बंद करून निघाले. मीही त्यांच्या फियाटमध्ये बसले.

मोंढ्यात पोचलो आणि तात्या समोर आले. पांढरं धोतर! कडक इस्त्रीचं, डोळे दिपतील असं. घोळक्यात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. व्यापारी कांद्याकडं कमी आणि धोतराकडं जास्त बघत होते. मेहुणा नवा सदरा घालून बाजूला उभा होता. वाईट माणूस नव्हता तो, पण सदरा नवा होता.

तात्यांनी काठी आपटली आणि पहिल्या ट्रॉलीला आवाज दिला. काय आवाज होता! पत्र्याखालची कबुतरं उडाली. बोली चढली, एक वार, दोन वार, तीन वार, आणि पुढची ट्रॉली. माझ्या शेजारी सर चुळबुळत होते. तिसऱ्या ट्रॉलीला म्हणाले, "आलोच," आणि बारदानाच्या शेडमागं गेले. आले. थोड्या वेळानं पुन्हा, "आलोच." मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी तोंडात रुमाल कोंबला. इतक्या वर्षांत कुणाला न दिसलेली गोष्ट भर मोंढ्यात, दिवसाढवळ्या घडत होती! सरांची तार शाबूत होती, पण त्या दिवशी त्यांचं हैदराबादच बावचळलं होतं. तात्या एकेक ट्रॉली पुढं सरकत होते, आणि प्रत्येक टप्प्यावर सर शेडकडं पळत होते.

शेवटची ट्रॉली गेली. तात्यांनी काठी खाली टेकली. घोळक्यानं मान खाली घालून बघितलं, उघड उघड, लाज न बाळगता. धोतर पांढरं होतं. कोरडं. कुणीतरी शिट्टी मारली. मेहुण्यानं पुढं होऊन तात्यांच्या पायाला हात लावला, आणि काकू ट्रॉलीच्या चाकाआड जाऊन रडून आल्या.

तात्या गर्दीतून वाट काढत आमच्याकडं आले. सरांनी नेहमीसारखा हात पुढं केला, तोंड उघडलं, पण तात्यांनी त्यांना बोलूच दिलं नाही. सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"साहेब, सकाळपासनं कितीदा?"

सर माझ्याकडं बघायला लागले. मी रुमाल काढला आणि म्हणाले, "पाचदा."

"पाच!" तात्या गरजले. "पाच एक वार! पाच दोन वार! पाच तीन वार!" आणि सरांच्या हातावर फाडकन टाळी दिली.

अख्खा मोंढा हसला. सर लाजून हसत होते आणि तात्यांचा हात सोडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. गंगापूरचे एक म्हातारबाबा पहिल्या नंबरवर, संकोचानं अंग चोरून बसलेले. सर त्यांच्यासमोर बसले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बाबा, माझं सकाळपासून एकदा झालंय. तुमचं?"